मागच्या रांगेतला उंदीर: दुय्यम पपेट बनवणं आणि खेळवणं

‘द मपेट शो’ ही जिम हेन्सनच्या बाहुल्यांची, म्हणजे मपेट्सची, विनोदी मालिका. तिच्या चौथ्या हंगामात ‘सुपरमॅन’चा नट क्रिस्तोफर रीव्ह पाहुणा असलेला एक भाग आहे. त्यात उंदरांची एक टोळी रीव्हच्या मागे मागे फिरते. त्या टोळीतलाच एक रिझो. त्याच्या वाट्याला काम आलं होतं फक्त गर्दी करण्याचं. पण त्याला खेळवणाऱ्या स्टीव्ह व्हिटमायरने मागच्या रांगेत राहून असे काही चाळे केले की घोळक्यातून नेमका तोच ओळखू येऊ लागला. पुढे रिझो मोठा झाला, सिनेमांत गेला, पण बांधणीने तो गर्दीतला उंदीरच होता: डोकं छोटं, हालणारे भाग मोजके, नजर मात्र पक्की.

विनोदी मालिकेसाठी, शाळेच्या कार्यक्रमासाठी किंवा यूट्यूबवरच्या स्किटसाठी असा दुय्यम प्राणी करताना बहुतेक जण मुख्य बाहुल्याचीच छोटी आवृत्ती करायला घेतात आणि फसतात. दुय्यम पात्राला पडद्यावर दोन-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात आकार कळला पाहिजे आणि तो कुठे बघतोय ते कळलं पाहिजे. बाकी सगळं त्यानंतर. खालची मापं मोठ्या माणसाच्या मध्यम हातासाठी आहेत. रिझोची हुबेहूब नक्कल करून विकायला मात्र जाऊ नका. मपेट्सचे हक्क 2004 पासून डिस्नीकडे आहेत, आणि तसंही स्वतःचा उंदीर जास्त मजा देतो.

सामान

सोफ्याच्या दुकानात मिळणारा 12 मिमी जाडीचा मऊ फोम, 60 × 45 सेमीचा तुकडा. कडक फोम घेऊ नका. मुठीत चुरगाळून सोडल्यावर लगेच पूर्ववत व्हायला हवा. आखूड केसांचं फरचं कापड अर्धा मीटर, केस 6 ते 8 मिमी. वहीबांधणीचा 2 मिमी पुठ्ठा. काळं किंवा गडद मरून फेल्ट, जिभेला लाल फेल्टचा तुकडा. 2 मिमी फोम शीट (मुलांच्या हस्तकलेसाठी मिळते ती). फेव्हिबॉण्डसारखा रबरी डिंक. जुन्या छत्रीची एक काडी. तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा). रिकाम्या झालेल्या रोल-ऑनचे दोन गोळे. कापडी टेप, सुई, आणि फरच्या रंगाचा मजबूत दोरा.

रंग निवडताना निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा टाळा. काळ्या फरात कॅमेऱ्याला केस दिसतच नाहीत, नुसतं भोक दिसतं. पांढरा दिव्यांत नुसता उजळून जातो. करड्या भिंतीपुढे करडा उंदीर हरवतो, म्हणून आधी सेटचा रंग ठरवा, मग उंदराचा. तपकिरी सहसा दगा देत नाही.

तोंडाची पट्टी

सगळ्यात आधी हीच करा, कारण बाकी डोकं हिच्यावर बसतं. उंदराचं तोंड निमुळतं हवं, म्हणून चारही बोटं वरच्या जबड्यात घालायची नाहीत. करंगळी आत मुडपा आणि तीन बोटं वर ठेवा. पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापा. वरचा 9 सेमी लांब, बिजागरीकडे 6.5 सेमी रुंद आणि नाकाकडे निमुळता होत 3 सेमी. खालचा तसाच, पण 7 सेमी लांब. दोघांमध्ये 3 मिमी फट ठेवून दोन्ही बाजूंनी कापडी टेप लावा. फट ठेवली नाही तर तोंड पूर्ण मिटत नाही, आणि पुढे फर चढल्यावर तर कायमचं उघडं राहतं.

आतल्या बाजूला, म्हणजे प्रेक्षकाला दिसणाऱ्या बाजूला, फेल्ट एकसंध चिकटवा. बिजागरीवर ते जरा सैल सोडा. बाहेरच्या बाजूला बोटांसाठी पकड हवी: वर 2 सेमी रुंद इलॅस्टिकचा पट्टा आडवा, तिन्ही बोटांवरून घट्ट बसेल असा, आणि खाली अंगठ्यासाठी तसाच एक. पकड सैल असली की तोंड उघडताना पुठ्ठा बोटांवरून घसरतो, मग खेळवणारा नकळत अख्खा हात वर उडवतो. नवशिक्यांचे बाहुले बोलताना मान हलवत राहतात, त्यामागे बरेचदा हा सैल पट्टाच असतो.

वरचे दोन दात पांढऱ्या आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणातून कापा, प्रत्येकी 8 × 14 मिमी, टोकं गोलसर. ते वरच्या ओठाच्या मागे लावा आणि खालच्या जबड्याला त्या जागी 3-4 मिमीची खाच द्या. नाहीतर दात खालच्या पुठ्ठ्यावर टेकतात आणि उंदीर सदा हसरा दिसतो.

डोकं आणि धड

डोक्याच्या वरच्या भागासाठी फोमचा तुकडा 16 सेमी लांब घ्या. नाकाकडची कड 7 सेमी, मग रुंदावत नाकापासून 9 सेमीवर 16 सेमी, आणि तिथून मागेपर्यंत 16च. मागच्या कडेला तीन त्रिकोणी चिरा कापून काढा, प्रत्येकी 4 सेमी खोल आणि कडेला 1.5 सेमी रुंद. चिरांच्या कडा एकमेकींना चिकटवल्या की कवटीचा घुमट आपोआप उभा राहतो.

डिंक लावायची रीत सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेक जण ती मोडतात. दोन्ही कडांना पातळ थर लावा, आठ-दहा मिनिटं थांबा, बोट लावल्यावर चिकटत नाही असं झालं की मगच दाबा. ओला डिंक फोम पकडत नाही, आणि एकदा पकडला की सोडत नाही. त्यामुळे चीर आधी टोकाशी जुळवा आणि कडेकडे येत जा. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, उदबत्ती काही पेटवू नका. पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही. वाळून कडक होतो आणि वाकवल्यावर तडकतो. ग्लू गनचा गोंद पटकन लागतो खरा, पण त्याच्या गाठी फरमधून दिसतात आणि आत बोटांना टोचतात.

हा घुमट तोंडाच्या वरच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना पहिले 9 सेमी चिकटवा. मागचे 7 सेमी बोटांच्या पेरांवर येतात, ते मोकळेच राहू द्या. खालच्या जबड्याला 8 × 7 सेमीचा फोम, कडा कात्रीने तासून, मध्ये अंगठा जाईल एवढी पोकळी ठेवून लावा.

धडासाठी 36 × 20 सेमीचा फोम. वरच्या कडेला चार चिरा, 5 सेमी खोल आणि 1.5 सेमी रुंद. त्या मिटवल्या की खांदे आत येतात. मग नळी करून जोडा. गळ्याचं तोंड आतून 26 सेमीच्या आसपास भरतं, त्यातून हात अंगठ्यासकट जायला हवा. न गेल्यास चीर एक कमी करा; फोम ताणून हात घुसवत राहिलात तर दहाव्या प्रयोगाला सांधा सुटणारच. धडाखाली काळ्या कापडाची बाही कोपरापर्यंत, 40 सेमी.

सत्तरच्या दशकात मपेट्ससाठी मोठ्या छिद्रांचा, हलका असा वेगळा फोम वापरला जाई. तसा फोम आपल्याकडे फिल्टरचा स्पंज म्हणून मिळतो. मिळाला तर जरूर घ्या, हवा खेळती राहते आणि हाताला घाम कमी येतो. पण एवढ्या लहान उंदरासाठी सोफ्याचा फोम पुरतो.

फर

फोमवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळा, त्यावर कागदी टेप लावा, पेनाने शिवणीच्या रेषा काढा आणि त्या रेषांवर कापून सपाट करा. तुमचा नमुना तयार. शिवणीसाठी चारही बाजूंनी 5 मिमी वाढवा. फरच्या उलट्या बाजूला नमुना आखताना डावा-उजवा भाग उलटे आखा आणि केस नाकाकडून शेपटीकडे पडतील असे ठेवा. एक गाल उलट्या दिशेचा झाला तर प्रकाशात दोन वेगळ्या रंगांचा उंदीर दिसतो, आणि तो परत कापण्यावाचून इलाज नसतो.

फर कात्रीने कापू नका. उलट्या बाजूने कटरच्या नुसत्या टोकाने विणीपुरतंच कापा, केस शाबूत राहिले पाहिजेत. शिवून झालं की सुईच्या टोकाने शिवणीत अडकलेले केस एकेक करून बाहेर ओढा आणि जुन्या टूथब्रशने विंचरा. अर्धा तास जातो, पण शिवण नाहीशी होते. नाकाभोवती 3 सेमीपर्यंत केस छोट्या कात्रीने उतरते कापा. हे केलं नाही तर उंदराऐवजी अस्वलाचं पिल्लू तयार होतं.

डोळे: इथे घाई नको

जिम हेन्सनने 1955 साली पहिला कर्मिट, म्हणजे मपेट्समधला प्रसिद्ध बेडूक, आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून केला आणि डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू अर्धा करून लावला. तीच युक्ती उंदराला लावावीशी वाटते, पण आजचा चेंडू 40 मिमीचा असतो. दोन अर्धे शेजारी ठेवले की 8 सेमी होतात, म्हणजे उंदराच्या डोक्याएवढे. बेडकाला ते शोभतात. इथे 25 ते 30 मिमीचे रोल-ऑनचे गोळे बरे. लाकडात खाच करून गोळा त्यात बसवा आणि बारीक करवतीने अर्धा कापा. थर्माकोलचा गोळा वापरायचा मोह टाळा. रबरी डिंक त्याला अक्षरशः खाऊन टाकतो.

बुबुळं काळ्या फेल्टची, 8 मिमी व्यासाची. ती डोळ्यांच्या बरोबर मध्यावर लावली की प्राणी भिंतीपलीकडे बघत असल्यासारखा शून्यात जातो. दोन्ही बुबुळं नाकाच्या बाजूला 2 मिमी सरकवा. मपेट्सचे कारागीर डॉन साहलिन डोळे आणि नाक यांच्या त्रिकोणावर फार मेहनत घेत, आणि ते योग्यच होतं: डोळे 5 मिमी वर-खाली झाले तरी चेहऱ्याचा स्वभाव बदलतो. म्हणून लगेच चिकटवू नका. डोळे टाचण्यांवर बसवा, बुबुळं दुहेरी टेपवर. बाहुला हातात घाला, मोबाइल दोन मीटरवर ठेवून झूम करून फोटो काढा. डोळे जवळ-दूर, वर-खाली करत सात-आठ फोटो काढा आणि शेजारी ठेवून बघा. आरशात हा निर्णय घेऊ नका, आरसा फसवतो.

पापण्या हव्यातच. फेल्टचा अर्धगोल डोळ्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शावर बसवा. आडव्या बसवल्या की उंदीर कंटाळलेला. आतली टोकं खाली झुकली की रागीट. बाहेरची झुकली की बिचारा. रिझोचा अर्ध्या मिटल्या डोळ्यांचा बेरकीपणा बराचसा पापण्यांत आहे. डोळ्यांवर मॅट वार्निशचा एक हात फिरवा, पण अगदी निस्तेज करू नका. प्रकाशाचा एक ठिपका डोळ्यात राहिला पाहिजे.

कान फोम शीटचे, 5.5 सेमीचे गोल. इस्त्रीवर दोन सेकंद धरून बोटाने खोलगट करा, खालची कड चिमटीत दुमडून शिवा. मिशा तंगुसाच्या, प्रत्येक बाजूला तीन, 6 सेमी लांब. तंगूस गुंडाळीतून वेटोळं घेऊन येतो. गरम पाण्यात बुडवून ताणून धरला की सरळ होतो. चकाकी घालवायला काळा मार्कर फिरवा. शेपटी बहुतेक शॉटमध्ये फ्रेमच्या खालीच राहते, तेव्हा ती टिचबटणाने लावता-काढता येईल अशी करा आणि तिच्यावर कष्ट घेऊ नका.

हात

फरच्या 14 सेमी लांब नळ्या. पंजा आणि दंड हलके भरा, कोपर आणि खांदा रिकामे ठेवा. पूर्ण भरलेला हात खाली लोंबत नाही, बाजूला ताठ उभा राहतो. एक हात पोटावर टाका घालून बसवून टाका किंवा त्यात पावाचा तुकडा, झाडू, चहाचा कप असं काहीतरी द्या. दुसऱ्याला काडी. छत्रीची काडी 40 सेमी कापा, एका टोकाला पकडीने छोटी कडी वळवा, मनगटातून आत घालून कडीतून टाके घाला. खालच्या टोकाला 10 सेमीची लाकडी मूठ. काडीला मॅट काळा रंग द्यायलाच हवा, नाहीतर ती दिव्यात सुईसारखी चमकते. बाहुला एका हाताने, काडी दुसऱ्याने. दोन्ही हात हलवायचा हट्ट दुय्यम पात्राला परवडत नाही.

खेळवणं

‘द मपेट शो’ 1976 ते 1981 या काळात लंडनजवळ एल्स्ट्रीच्या स्टुडिओत चित्रित झाला, एकूण 120 भाग. तिथे सेटच खांबांवर उंच उभारलेले असत. कलावंत खाली उभे राहून हात डोक्यावर धरत आणि आपला बाहुला मॉनिटरवर बघत. घरी दोन टेबलांच्या मध्ये पडदा लावा, किंवा पाटाला चाकं लावून त्यावर बसा. कॅमेरा बाहुल्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन-अडीच मीटर लांब आणि झूम करून. अगदी जवळून घेतलं तर नाक फुगून भोपळा होतं. फ्रेमची खालची कड धडाच्या शेवटापासून 8 सेमी तरी वर ठेवा. मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यावर सराव करू नका. तो आरशासारखं उलटं दाखवतो, आणि चित्रण झाल्यावर उंदीर भलतीकडे बघत असतो. मागचा कॅमेरा टीव्हीला जोडा आणि त्यावर बघून शिका. पहिले काही दिवस डावं-उजवं गोंधळेल, मग हात सरावतो.

पहिली चूक नजरेची. हात वर धरला की मनगट सरळ होऊ लागतं आणि उंदीर छताकडे बघतो. मनगट पुढे मुडपून नाक खाली आणा, तुम्हाला वाटतं त्याहून जास्त. दुसरी चूक उंचीची: हात दुखायला लागला की बाहुला हळूहळू बुडत जातो. मॉनिटरच्या कडेला टेपची खूण करा आणि कान तिच्याखाली जाऊ देऊ नका.

तोंड उघडताना अंगठा खाली न्या. वरची बोटं जवळजवळ स्थिर. प, फ, ब, भ, म या अक्षरांना तोंड मिटलंच पाहिजे, बाकी ठिकाणी सूट आहे. ‘गप्प बस, बाबू!’ हे वाक्य घ्या. लिहिलेली अक्षरं मोजून नवशिका सहा वेळा तोंड उघडतो. प्रत्यक्षात उघडझाप चारदाच: ‘ग’ला अर्धं उघडा, ‘प्प’वर मिटा आणि ‘ब’पर्यंत मिटलेलंच ठेवा, मग ‘बस’ एकदाच, ‘बा’ला पूर्ण, ‘बू’ला थोडंसं. मिटलेल्या तोंडाचा तो क्षणच दमदाटी दाखवतो. ‘आ’ला पूर्ण, ‘अ’ आणि ‘ए’ला अर्धं, ‘इ’ आणि ‘उ’ला बारीक उघडा. प्रत्येक वेळी पूर्ण उघडलं तर उंदीर भुंकतोय असं वाटतं.

मुख्य पात्र बोलत असताना मागच्याने काय करायचं? श्वास घ्यायचा. तीन-चार सेकंदांनी मनगट सेंटीमीटरभर वर-खाली, बस. अजिबात न हललेला बाहुला मेलेला दिसतो, सतत हलणारा विनोद खातो. प्रतिक्रिया द्यायची ती वाक्य संपल्यावर, आधी नजर आणि मग अंग: नाक वळतं, थांबतं, मग डोकं मागे जातं. व्हिटमायरचे चाळे खपले, कारण तिथे सगळी टोळीच धिंगाणा करणारी होती. शांत प्रसंगात तेच केलं तर दिग्दर्शक हात धरून बाहेर काढेल, आणि त्यात त्याची चूक नसेल.

टोळीच करायची असेल तर एकाच माणसाच्या दोन हातांवर दोन उंदीर, काड्या नकोत. अगदी मागचे तीन-चार एका फळीवर खिळवून तोंड न उघडणारेही चालतात. पण सगळ्यांनी एकाच क्षणी वळू नये. पहिला वळला की अर्ध्या सेकंदाने दुसरा, आणि एक जण मुद्दाम उशिरा. हशा बहुतेक वेळा त्या उशिरा वळणाऱ्यालाच मिळतो.

आवाज चिरका काढायची सवय आपल्याकडे फार. उंदीर म्हणजे चूं-चूं असं कुठे लिहिलेलं नाही. रिझो न्यूयॉर्ककडच्या गल्लीतल्या पोरासारखा नाकात बोलतो आणि त्यानेच तो खरा वाटतो. गळा ताणून काढलेला आवाज तासाभरात बसतो. मालवणी, वऱ्हाडी ढंग द्यायचा तर तो घरात बोलला जात असेल तरच द्या. संवादच नसतील तर एक ठरावीक ध्वनी पुरतो. मपेट्समधल्या गोन्झोची कोंबडी कॅमिला नुसती क्लक-क्लक करते आणि तरीही तिचं म्हणणं कळतं. रामदास पाध्ये यांचा लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा घ्या: काही सेकंदांचं काम, पण त्याचं हसणं आजही लोक काढून दाखवतात.

ठेवण

डोक्यात चुरगाळलेला कागद भरा, तोंड मिटून ठेवा आणि बाटलीवर उभा करा. मानेला दोरी बांधून टांगला तर गळ्याचा फोम ताणला जातो. उन्हात फोम पिवळा पडून भुगा होतो, आणि कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात फरला बुरशी येते. कापडी पिशवीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, प्लॅस्टिकची पिशवी नको. उंदीर पाण्यात धुऊ नका. आतून घामाचा वास आल्यास पाण्यात थोडं स्पिरिट मिसळून फवारा आणि पंख्याखाली रात्रभर उलटा ठेवा. हात घालण्यापूर्वी पातळ सुती हातमोजा चढवलात तर ही वेळ उशिरा येते. प्रयोगाला जाताना डब्यात सुई-दोरा, दुहेरी टेप, तंगुसाचा तुकडा आणि बुबुळांची एक जादा जोडी असू द्या. सगळ्यात आधी गळतात ती बुबुळंच.